योगशिक्षक व्हायचंय, पण पश्चिमोत्तानासनात कपाळ गुडघ्याला लागत नाही

चाफा

नमस्कार मंडळी. हा धागा काढू की नको असं महिनाभर चाललं होतं, आज धीर करून काढतेय.

वय ४३. पाठदुखीमुळे योगवर्गाला जायला लागले त्याला सहा वर्षं झाली. पाठदुखी केव्हाच थांबली, वर्ग मात्र सुटला नाही. मध्यंतरी आमच्या बाईंना आठवडाभर येता येणार नव्हतं, तेव्हा त्यांनी मला वर्ग घ्यायला सांगितलं. पहिल्या दिवशी घशाला कोरड पडली होती. चौथ्या दिवशी एक आजोबा नव्याने आले. त्यांना खाली बसता येईना. मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि श्वासाबरोबर फक्त हात वर-खाली करायला लावले. जाताना ते म्हणाले, "आज खांदा काढल्यासारखा वाटला नाही हो." त्या वाक्याने माझी झोप उडवलीय.

तर प्रश्न असा. मला रीतसर शिकायचंय. एक मार्ग महिनाभराच्या निवासी अभ्यासक्रमाचा, दुसरा वर्षभर शनिवार-रविवार जाण्याचा. काय निवडू? आणि खरी धाकधूक वेगळीच आहे. सहा वर्षांनंतरही पश्चिमोत्तानासनात माझं कपाळ गुडघ्यापासून वीतभर लांब असतं, पद्मासन डाव्या बाजूने लागत नाही, शीर्षासन भिंतीशिवाय येत नाही. ज्याला स्वतःला येत नाही त्याने दुसऱ्याला काय शिकवावं? मोकळेपणाने सांगा.

उंबरठा

धाग्यावर बसून राहणार आहे. मला शिक्षक व्हायचं नाही, पण चांगला शिक्षक ओळखायचा कसा ते इथे कळेल असं वाटतं.

अभ्यासी

चाफाताई, महिनाभराच्या वाटेला जाऊ नका, असं माझं स्पष्ट मत.

साधा हिशोब करा. दोनशे तासांचा अभ्यासक्रम पंचवीस दिवसांत बसवायचा म्हणजे रोज आठ तास. पहाटे प्राणायाम, मग आसनं, मग शरीरशास्त्र, दुपारी योगसूत्रं, संध्याकाळी पुन्हा आसनं. यातलं मुरणार काय? पतंजलींनी अभ्यास कशाने दृढ होतो ते एका सूत्रात सांगितलंय, 'स तु दीर्घकालनैरन्तर्यसत्कारासेवितो दृढभूमिः'. पुष्कळ काळ, खंड न पडता, आदराने. पहिली अटच दीर्घकाळाची. तास तेवढेच भरले तरी वर्षभराच्या अभ्यासात रविवार आणि पुढचा शनिवार यांच्या मधले पाच दिवस असतात. शिकलेलं घरी करून बघायचं, चुकायचं, पुढच्या शनिवारी विचारायचं. ते पाच दिवस म्हणजेच शिक्षण आहे.

पाऊलवाट

चाफा, मी पंधरा वर्षं शिकवतेय आणि गेली सहा वर्षं नव्या शिक्षकांचे पाठ बघायला बसते. तुमच्या धाकधुकीवर आधी बोलते, कारण माझा पहिला पाठ मी त्याच कारणाने वाया घालवला होता. फक्त उलट्या बाजूने. मला आसनं यायची.

पाठ त्रिकोणासनाचा होता. वीस जण समोर. मी पूर्वस्थिती सांगितली, पाय फाकवले, खाली वाकले, हात घोट्याशी, दुसरा हात सरळ वर, मान वळवून नजर वरच्या तळव्यावर. सगळं अगदी चित्रातल्यासारखं. मागे कोपऱ्यात आमच्या गुरुजी वही घेऊन बसल्या होत्या. पाठ संपल्यावर वाटलं, शाबासकी मिळणार. त्यांनी एकच विचारलं, "तिसऱ्या रांगेत भिंतीकडेला कोण होतं?"

मला आठवेना.

म्हणाल्या, "त्या बाईंचा पुढचा गुडघा मागे दाबला गेला होता, दात आवळलेले होते, चेहरा लाल झाला होता. त्यांनी श्वास कोंडून धरला होता. जवळजवळ अर्धा मिनिट. आणि तू छताकडे बघत होतीस."

आसनात नजर वरच असायला हवी होती, ती वर होती. पण शिक्षकाची नजर वर असून चालत नाही. त्यानंतर सहा महिने त्यांनी मला वर्गात एकही आसन करून दाखवू दिलं नाही. तोंडाने सांगायचं आणि बघायचं. समोरचे पाय, गुडघे, खांदे, जबडा. जबडा फार बोलतो. श्वास अडकला की आधी तिथे दिसतं.

तेव्हा तुमचं कपाळ गुडघ्यापासून किती लांब आहे याने काही अडत नाही. खुर्चीवरच्या आजोबांना काय हवंय ते तुम्हाला दिसलं. मला ते शिकायला सहा महिने लागले.

झुळूक

पाऊलवाट, अंगावर काटा आला. तिसऱ्या रांगेतली बाई आता रोज आठवणार.

अभ्यासी, तुमचं म्हणणं पटतं, पण एक बाजू मांडते. मी महिन्याचाच अभ्यासक्रम केलाय. घरी दोन लहान मुलं होती, वर्षभर प्रत्येक शनिवार-रविवार बाहेर काढणं शक्यच नव्हतं. एक महिना घरच्यांनी सांभाळलं म्हणून माझं शिकणं झालं. त्या महिन्यात फोन नाही, स्वयंपाक नाही, डोक्यात दुसरा विषय नाही. पहाटे चारला उठून बसायची जी सवय लागली ती आजतागायत आहे. हे घरी राहून झालं नसतं.

तोटाही सांगते. तिसऱ्या आठवड्यात दिवसातून दोनदा पुढे वाकण्याची आसनं करून उजव्या मांडीमागचा स्नायू जिथे बैठकीच्या हाडाला जोडलेला असतो तिथे दुखायला लागलं. "अजून थोडं, अजून थोडं" असं होत होतं आणि मी ओढत राहिले. पुढचे आठ महिने खुर्चीत बसलं की तिथे टोचायचं. आता कुणी "मागे अगदी हाडाशी ओढ लागते" म्हणालं की मी ताबडतोब गुडघे वाकवायला लावते. ओढ स्नायूच्या मध्यभागी जाणवली तर ठीक, हाडाशी नको.

आणि परत आल्यावर मी लगेच वर्ग सुरू केला नाही. दीड वर्ष एका अनुभवी बाईंच्या हाताखाली काम केलं. चटया अंथरण्यापासून. महिन्याचा अभ्यासक्रम त्या दीड वर्षामुळे पुरा झाला असं मी मानते.

अभ्यासी

झुळूक, मग आपलं भांडणच नाही. तुम्ही दीड वर्ष दिलंत. माझा आक्षेप आहे तो तिसाव्या दिवशी प्रमाणपत्र आणि एकतिसाव्या दिवशी वर्ग, याला.

मणका

मी फिजिओथेरपिस्ट. सदस्यनाम त्यावरूनच घेतलंय. :)

चाफा, पश्चिमोत्तानासनाबद्दल थोडं शरीराच्या अंगाने. पुढे वाकणं व्हायला हवं खुब्याच्या सांध्यातून. मांडीमागचे स्नायू आखडलेले असले की ते ओटीपोटाच्या हाडाला मागे खेचून धरतात, खुब्यातून वाकता येत नाही, आणि मग माणूस कंबर गोल करून कपाळ खाली नेतो. कपाळ टेकतं. फोटो छान येतो. पण सगळा भार कंबरेच्या पाच मणक्यांमधल्या चकत्यांवर. त्यामुळे कपाळ आणि गुडघ्यातलं अंतर हे मोजायचं मापच नव्हे. घडी केलेली घोंगडी बैठकीखाली घ्या, गुडघे किंचित वाकवा आणि बेंबी मांडीकडे जातेय का ते बघा. वीतभर अंतर राहिलं तर राहू दे.

पद्मासन डावीकडून न लागण्याचं कारण कदाचित हाडातच असेल. खुब्याची खोबण किती खोल, तिचं तोंड कुठे, मांडीचं हाड तिच्यात कोणत्या कोनात बसलंय, हे माणसागणिक वेगळं असतं. अनेकदा एकाच माणसाच्या दोन बाजूंनाही. हाडाला हाड लागलं की कितीही वर्षं सराव केला तरी पुढे जाता येत नाही. तिथे जोर केला तर खुबा वळत नाही म्हणून गुडघा पिळवटतो, आणि गुडघा पिळवटण्यासाठी बनलेला नाही. माझ्याकडे येणाऱ्या योगसाधकांच्या गुडघ्याच्या तक्रारींत हे वरचेवर दिसतं.

आणखी एक. जे जन्मतः लवचीक असतात त्यांना आखडलेल्या माणसाची अडचण समजावून घ्यायला मुद्दाम शिकावं लागतं. तुम्हाला ती आतून माहीत आहे.

गवतफुला

ही माहिती कुणी आधी सांगितली असती तर माझी पद्मासनाची चार वर्षं वाचली असती. मणका, मनापासून आभार.

कोरा_कागद

एक विनंती. ज्यांना शिक्षक व्हायचंय त्यांनी कृपा करून 'योगा' म्हणू नये. शब्द 'योग' आहे. रोमन लिपीत शेवटी स्वर लिहावा लागतो म्हणून तो लांबला आणि आता आपणच 'योगा क्लास' म्हणतो. आसनांचीही तीच गत. 'ताडासना', 'शवासना' कानावर येतं तेव्हा फार टोचतं.

गवतफुला

कोरा_कागद, अनुमोदन. आमच्याकडे 'शवासना'ची 'शिवासना' झाली होती. साधक बिचारे महादेवाचं ध्यान करत पडायचे. आणि तेवढेच शांतही व्हायचे!

कोरा_कागद

हा हा. मग त्यांना उठवू नका.

नावाचा अर्थ कळला की आसनही कळतं, म्हणून हा आग्रह. 'पश्चिमोत्तान' म्हणजे पाठीकडच्या बाजूचा ताण. पश्चिम म्हणजे शरीराची मागची बाजू. नावात कपाळही नाही आणि गुडघाही नाही. चाफा यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर शब्दातच आहे.

पाऊलवाट

वा. हे उद्या वर्गात सांगणार, तुमची परवानगी गृहीत धरून.

नदीकाठ

चाफा यांनी थेट विचारलेलं नाही, पण प्रमाणपत्राचा विषय निघणारच, म्हणून मला माहीत आहे ते लिहितो.

'दोनशे तास' हा आकडा जगभर रूढ झाला तो अमेरिकेतल्या योगा अलायन्समुळे. ही संस्था १९९९ची. ती शिक्षकांची आणि शाळांची नोंदणी करते, वैद्यकीय परिषदेसारखा व्यवसायाचा परवाना देत नाही. हा फरक पुष्कळांना माहीत नसतो. भारतात आयुष मंत्रालयाच्या अखत्यारीत योग प्रमाणन मंडळ आहे. त्यांच्या परीक्षा पायऱ्यापायऱ्यांच्या आहेत. सुरुवात योग प्रोटोकॉल प्रशिक्षकापासून, पुढे वेलनेस प्रशिक्षक, मग शिक्षक आणि मूल्यमापक, अशा चढत्या. परीक्षेत लेखीबरोबर प्रात्यक्षिक असतं आणि पाठ घेऊन दाखवावा लागतो. हे प्रमाणन ऐच्छिक आहे. शाळेत, रुग्णालयात, सरकारी उपक्रमात काम करायचं असेल तर उपयोगी पडतं, स्वतःच्या वर्गाला कुणी विचारत नाही.

जुन्या संस्थांचा विचार जरूर करा. सांताक्रूझची द योगा इन्स्टिट्यूट श्रीयोगेंद्रांनी १९१८ साली सुरू केली, लोणावळ्याचं कैवल्यधाम स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली. कुवलयानंदांनी आसनं, बंध, क्रिया करताना शरीरात काय घडतं ते क्ष-किरण आणि दाबमापकं लावून तपासायला घेतलं. शंभर वर्षांपूर्वी! 'योगमीमांसा' हे त्यांचं त्रैमासिकही १९२४चंच. शिक्षकाने परंपरेवर श्रद्धा ठेवावी आणि तपासूनही बघावं, हे त्यांच्याकडून घेण्यासारखं आहे.

अभ्यासी

नदीकाठ, उत्तम प्रतिसाद. भर घालतो. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी पट्टे, विटा, दोर, खुर्च्या, उशा यांचा जो वापर रूढ केला, त्यामुळे आखडलेल्या, आजारी, म्हाताऱ्या माणसाला आसन खुलं झालं. चाफाताईंनी आजोबांना खुर्ची दिली ती नकळत त्याच वाटेवरची.

उंबरठा

आता साधकाच्या बाजूने लिहू का? जरा अवघड विषय आहे.

एका वर्गात मी तीन महिने जात होते. शिक्षक न सांगता मागून येऊन पाठीवर भार द्यायचे. एकदा पश्चिमोत्तानासनात मी श्वास सोडत होते आणि अचानक दोन्ही हातांनी दाबलं गेलं. कंबरेत कट्‌ असा आवाज आला. दुखलं त्यापेक्षा घाबरले जास्त. नंतरचे सगळे तास मी आसनात नव्हतेच, पाठीमागे पावलं वाजतायत का ते ऐकत बसायची. शेवटी जाणं सोडलं.

शिकवायला जाणाऱ्यांना हात लावण्याबद्दल काही शिकवतात का?

पाऊलवाट

उंबरठा, हे लिहिलंत ते फार बरं झालं. वाचून वाईट वाटलं.

शिकवायला हवं. सगळीकडे शिकवत नाहीत. आमच्याकडे नियम असा की आधी शब्द, मग स्वतःचा हात स्वतःच्या शरीरावर ठेवून दाखवायचं, आणि तरीही नाही कळलं तर विचारून, समोरून दिसेल असं येऊन, हलका स्पर्श. तोही दिशा दाखवण्यापुरता. ढकलण्यासाठी कधीच नाही. साधकाच्या शरीराला किती जायचंय ते आपल्या हाताला कळत नाही, त्याच्या श्वासाला कळतं.

सांजवात

मी थोडा वेगळा विचार मांडतो. आमच्या वेळी गुरुजींचा हात पाठीवर पडला की धन्य वाटायचं. त्यांच्या बोटाच्या एका टोकाने माझा खांदा जागेवर आला, जो दोन वर्षं शब्दांनी आला नव्हता. स्पर्श अजिबात नकोच, असं होऊ नये. ती विद्या आहे, हरवू नये.

मणका

सांजवात, बोटाचं टोक आणि अंगाचा भार यात फार अंतर आहे. बोट लावल्याने मेंदूला त्या जागेचं भान येतं, स्नायू स्वतः काम करतो. भार टाकला की स्नायू बचावासाठी आखडतो आणि त्याच क्षणी तो ताणला जातो. इजा तिथे होते. हाडं ठिसूळ झालेल्या बाईला बसून पुढे वाकताना पाठीवर दाब दिला तर मणका दबून मोडू शकतो, आणि हाडं ठिसूळ आहेत हे तिला स्वतःलाही कित्येकदा माहीत नसतं. विचारून, बोटाने, इतपत माझीही हरकत नाही.

सांजवात

मान्य. विचारून, हा शब्द माझ्या प्रतिसादात राहून गेला होता. उंबरठा, तुमच्याबाबतीत झालं ते चुकीचंच होतं.

झुळूक

मणका, याच संदर्भात: पहिल्या दिवशी साधकाला काय काय विचारावं? आमच्या अभ्यासक्रमात हे घाईत उरकलं गेलं.

मणका

रक्तदाब. काचबिंदू किंवा डोळ्यांची शस्त्रक्रिया, कारण डोकं खाली गेलं की डोळ्यातला दाब वाढतो, त्यांना शीर्षासन, सर्वांगासन नको. मानेचं दुखणं, हातात मुंग्या. हर्निया, पोटाची अलीकडची शस्त्रक्रिया, अपस्मार, गर्भारपण. यांना कपालभाती नाही. हाडांचा ठिसूळपणा. चक्कर. कोणती औषधं चालू आहेत. आणि हे चारचौघांत मोठ्याने विचारू नये. लोक लाजतात आणि "काही नाही" म्हणतात. बाजूला घ्या, दोन मिनिटं द्या, लिहून ठेवा. दर काही महिन्यांनी पुन्हा विचारा.

आणि शिक्षकाने "हे माझ्या आवाक्यातलं नाही, आधी डॉक्टरांना दाखवा" असं म्हणायला शिकलं पाहिजे. हे वाक्य जो म्हणू शकतो त्याच्याकडे मी माझे रुग्ण बिनधास्त पाठवतो.

गवतफुला

माझ्याकडून भाषेचा एक मुद्दा. सूचना देणं हे स्वतंत्र शिकावं लागतं. आमच्या तुकडीतला एक मित्र पाठ घेत होता. "श्वास घेत दोन्ही हात वर" म्हणाला, मग खांदे, कोपरं, बोटं, सगळं इतकं मन लावून समजावू लागला की पुढचं राहूनच गेलं. शेवटी मागच्या रांगेतून एका काकांनी विचारलं, "सर, सोडू का आता?" अख्खा वर्ग हसला, तोही हसला. पण तेव्हापासून आम्ही सगळे एक गोष्ट पाळतो. घ्या म्हटलं की पुढचं वाक्य सोडा. मधलं सगळं त्यानंतर.

वाक्य लहान हवं. आधी कोणता अवयव, मग काय करायचं. "उजवा पाय मागे." एवढंच. "आता आपण काय करणार आहोत की आपला जो उजवा पाय आहे तो" इथपर्यंत साधकाने डावा पाय मागे नेलेला असतो.

पाऊलवाट

गवतफुला, अगदी. आणि आवाज. शवासनात आवाज खाली आणताना शेवटची अक्षरं गिळली जातात, मागच्यांना कळत नाही, ते डोळे उघडून इकडेतिकडे बघतात. हळू बोला पण अक्षर पुरं उच्चारा.

शांततेचीही सवय लागते. नवा शिक्षक शवासनात बोलतच राहतो, कारण गप्प बसलं की त्याला भीती वाटते. मी शिकवणाऱ्यांना सांगते, तीन मिनिटं काही बोलू नका, फक्त समोरच्यांची पोटं वर-खाली होताना बघा. श्वास सोडायचा वेळ घेण्याच्या वेळापेक्षा लांबला की कळतं, माणूस सैल पडला. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना कमी होतात. लांब सोडण्यात विश्रांती आहे ती त्यामुळेच. वीस जणांच्या खोलीत ते लांबणं दिसतं तेव्हा, काय सांगू, मला दरवेळी भरून येतं. पंधरा वर्षं झाली तरी.

उंबरठा

यावर पोट चालतं का? रुक्ष प्रश्न आहे, पण विचारते.

झुळूक

चालतं, पण पहिली दोन-तीन वर्षं त्याच्या भरवशावर राहू नये. पहाटे आणि संध्याकाळी वर्ग, म्हणजे घरचे घरी असतात त्याच वेळी आपण बाहेर. सुट्ट्यांत साधक गळतात. मी नोकरी चार वर्षांनी सोडली. आणि दिवसाला तीनच्या वर वर्ग घेतले की स्वतःचा अभ्यास सुटतो, हे मी करून बघितलंय. अभ्यास सुटला की महिन्याभरात शिकवणं पोपटपंची होतं. साधकांना लगेच कळतं. म्हणून आता तीनच घेते.

सांजवात

चाफाताई, वयाचंही तुमच्या मनात असेल म्हणून लिहितो. मी निवृत्तीनंतर, ६२व्या वर्षी, शिक्षक प्रशिक्षणाला गेलो. वर्गात सगळ्यात मोठा मीच. शेजारचा मुलगा २३ वर्षांचा. तो मयूरासन करायचा, मी त्याची टाळ्या वाजवून तारीफ करायचो. त्याला योगसूत्रं पाठ होत नसत, मी म्हणून घ्यायचो. त्याने मला जलनेतीला पाणी नाकातून कसं सोडायचं ते शिकवलं. माझं पहिले तीन दिवस घशातच उतरायचं.

हठप्रदीपिकेत स्वात्माराम म्हणतात, 'युवा वृद्धोऽतिवृद्धो वा व्याधितो दुर्बलोऽपि वा। अभ्यासात्सिद्धिमाप्नोति सर्वयोगेष्वतन्द्रितः॥' तरुण, म्हातारा, अति म्हातारा, आजारी, दुबळा, कुणीही. अट एकच, आळस नको. आज मी ७१चा आहे. माझ्या वर्गातले निम्मे सत्तरीपुढचे. आम्ही खुर्चीवरून उठणं-बसणं, भिंतीला धरून वृक्षासन, जमिनीवर बसून पुन्हा उभं राहणं, याचा सराव करतो. गेल्या वर्षी एक आजी न्हाणीघरात घसरल्या. त्यांनी येऊन सांगितलं, "सर, कुणाला हाक नाही मारली. तुम्ही शिकवल्यासारखी कुशीवर वळले, गुडघ्यावर आले, स्टूल धरलं आणि उठले." मला त्यांना नमस्कार करावासा वाटला. केलाही.

मणका

सांजवात, तुमच्या वर्गासारखे वर्ग हवेत. पडल्यावर उठता येणं याला या वयात शीर्षासनापेक्षा कितीतरी जास्त मोल आहे.

कोरा_कागद

चाफा यांच्या मूळ प्रश्नाकडे पुन्हा. योगसूत्रांत १९५ सूत्रं. त्यात आसन कसं असावं ते सांगणारी अवघी तीन. पहिलं 'स्थिरसुखमासनम्', म्हणजे स्थिर आणि सुखाचं ते आसन. पुढचं सूत्र सांगतं की प्रयत्न शिथिल केल्याने आणि अनंताच्या ठायी मन लावल्याने ते साधतं. तिसरं त्याचं फळ, मग थंडी-ऊन अशा द्वंद्वांचा त्रास होत नाही. वीतभर अंतरावर तुम्ही स्थिर आणि सुखात असाल तर तुमचं पश्चिमोत्तानासन झालं.

अभ्यासी

चाफाताई, कुठलीही संस्था निवडा, पण नाव घालण्याआधी एकच विचारा: प्रत्यक्ष पाठ किती घ्यायला मिळतील आणि ते बघायला कोण बसेल? ज्यांनी आकडा सांगितला तिथे जा. "ते होईलच हो" म्हणाले तर विचार करा. माझ्या अभ्यासक्रमात बारा पाठ होते. प्रत्येकाचं टाचण आधी तपासून घ्यायचं आणि नंतर निरीक्षकाची टीका ऐकायची. बाकी सगळं विसरलो असेन, ते बारा पाठ मिनिटामिनिटाने आठवतात.

चाफा

सगळ्यांचे मनापासून आभार. मध्यंतरी तीन महिने इथे येणं झालं नाही, पण प्रत्येक प्रतिसाद वहीत उतरवून घेतलाय.

काय ठरवलं ते सांगते. वर्षभराच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं. अभ्यासींचा प्रश्न तीन ठिकाणी विचारला. दोन ठिकाणी "होईलच" मिळालं, तिसरीकडे "अठरा पाठ, त्यातले सहा तुमच्या ओळखीच्या नसलेल्या साधकांवर". तिथे गेले.

मागच्या रविवारी पहिला पाठ झाला. विषय ताडासन. टाचणात मी लिहून ठेवलं होतं, 'तिसरी रांग, भिंतीकडची बाजू'. तिथे एक काका होते. टाचा उचलल्या की त्यांच्या पायाची बोटं मुडपून जमीन धरायची आणि ओठ घट्ट मिटायचे. मी त्यांच्याजवळ गेले, हात लावला नाही, म्हटलं, "काका, टाचा निम्म्याच उचला आणि श्वास सुरू ठेवा." ओठ सुटले. तोल आला. निरीक्षक बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. नंतर बघितलं तर त्या पाठात माझ्या सात चुका होत्या, आणि त्या क्षणापुढे फक्त एक बरोबरची खूण.

पश्चिमोत्तानासन आता घोंगडीवर बसून करते. अंतर तेवढंच आहे. सुख मात्र वाढलंय. खुर्चीवरचे आजोबा अजून येतात.

एक अडचण आहे. सात चुकांतल्या चार डाव्या-उजव्याच्या. मी वर्गाकडे तोंड करून उभी असते, माझा उजवा त्यांचा डावा होतो. आरशासारखं करून दाखवायला सांगितलंय, म्हणजे मी डावा उचलायचा आणि तोंडाने उजवा म्हणायचं. जीभ वळतच नाही. काय करता तुम्ही?

पाऊलवाट

चाफा, काकांचे ओठ दिसले तुम्हाला! किती आनंद झाला सांगू.

डाव्या-उजव्यासाठी: घरी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, समोर खुर्ची ठेवायची, खुर्चीवर माणूस बसलाय असं समजून त्याच्या बाजूने मोठ्याने बोलायचं. रोज पाच मिनिटं. महिन्यात जीभ वळते.

गवतफुला

मी सुरुवातीला डाव्या मनगटाला दोरा बांधायचे. दोरा दिसला की 'उजवा' म्हणायचं. तीन महिन्यांत दोरा सुटला.

सांजवात

मी डावं-उजवं म्हणतच नाही. "खिडकीकडचा हात वर, दाराकडचा हात कमरेवर." माझ्या वर्गात कुणीच चुकत नाही.

चाफा

सांजवात काका, या रविवारी पवनमुक्तासन आहे. आधी जाऊन खिडकी कुठल्या बाजूला आहे ते बघून येते.